निघतंय का बघा, बाई

परभणीत मी आयुष्यभर एक्स-रे आणि सोनोग्राफीची डॉक्टर म्हणून काम केलं, पण मला डॉक्टर असं फार थोड्यांनी मानलं. लोकांच्या लेखी मी फोटोवाली बाई. त्यात माझ्या दवाखान्याच्या खालीच लग्नाचे फोटो काढणाऱ्याचा स्टुडिओ होता. नटूनथटून आलेलं एक जोडपं एकदा माझ्या बाकावर बराच वेळ बसून होतं, आणि मुतखड्याचा एक पेशंट खाली जाऊन सदरा काढून पडद्यासमोर उभा राहिला होता. स्टुडिओवाला सज्जन. त्यानं त्याचा फोटो काढला आणि मग वर पाठवलं.

ऐंशीचं दशक संपता संपता मी सोनोग्राफीचं मशीन आणलं. मशीनला उकाडा सोसत नाही, म्हणून त्या खोलीला एसी बसवावा लागला. आमच्या रस्त्यावरचा तो पहिलाच एसी. मे महिन्यात एका पेशंटबरोबर घरचे सगळे आत यायचे आणि सगळ्यांना पेशंटची फार काळजी वाटायची. माझा कंपाउंडर गौतम दारात उभा राहून म्हणायचा, "ज्याचं पोट दुखतंय त्यानंच आत जायचं." मग सगळ्यांचंच दुखायला लागायचं.

मुतखडे, बाळंतपणं, अपेंडिक्स यांनी माझी चूल पेटती ठेवली. पण मला सांगायचंय ते एका वेगळ्याच अवयवाबद्दल. पुस्तकात त्याला स्वादुपिंड म्हणतात. हा शब्द ज्या कुणी घडवला, त्याला पेशंटच्या बायकोसमोर उभं राहायची वेळ आली नसणार. पहिल्याच वर्षी मी एका म्हाताऱ्याच्या घरच्यांना सांगितलं, "यांच्या स्वादुपिंडात गाठ दिसते." त्यातला 'पिंड' तेवढा त्यांना कळला. म्हातारा टेबलावर जिवंत, पोटाला जेली लावलेली, आणि बाहेर बायकांनी गळा काढला. तेव्हापासून मी तो शब्द सोडला. 'जठरामागची पट्टी' म्हणायला लागले. शास्त्राला धरून नसेल, पण त्यानं कुणी रडत नाही.

ही पट्टी वीतभर लांब, पोटात अगदी मागे, आडवी पडलेली असते. तिचं डोकं आतड्याच्या कुशीत असतं आणि पित्ताची नळी त्या डोक्यातूनच जाते. तिथं कॅन्सरची गाठ झाली की पित्त तुंबतं आणि माणूस पिवळा होतो. सुरुवातीला बहुतेकांना दुखत नाही. हीच त्यातली हरामखोरी. दुखलं असतं तर माणूस लवकर आला असता.

आता ही गाठ काढता येते की नाही, हे नुसत्या तिच्या आकारावर ठरत नाही, शेजाऱ्यांवर ठरतं. तिला लागूनच दोन मोठ्या रक्तवाहिन्या जातात. एक यकृताकडे जाणारी शीर, दुसरी आतड्यांना रक्त पुरवणारी धमनी. गाठ त्यांच्यापासून सुटी असेल तर सर्जन ती काढू शकतो. तिनं धमनीला मिठी मारली असेल तर नाही. आणि यकृतात तिचं बी पडलं असेल तर मग काढून तरी काय उपयोग. पोट उघडायच्या आधी हे सांगायचं, एवढाच माझा धंदा. खरं सांगायचं तर बहुतेकांना मी 'नाही' असंच सांगितलं. ज्यांना 'हो' म्हणाले ते लक्षात राहिले, कारण ते थोडे होते.

सीटी स्कॅन तेव्हा परभणीत नव्हतं. लोक हैदराबादला जाऊन करून आणायचे. त्यात पोटाच्या चकत्या दिसतात, काकडीच्या असतात तशा. इंजेक्शनचं औषध शिरल्यामुळे रक्तवाहिनी पांढरी दिसते, गाठ करडी, आणि दोघींच्या मधली चरबी काळी. ती काळी रेघ शाबूत असेल तर गाठ सुटी. रेघ पुसली असेल तर गाठ चिकटली. चरबीला जग नावं ठेवतं, पण आमच्या धंद्यात ती एकमेव साक्षीदार.

धोंडिबा माझ्याकडे आला तेव्हा तो हळकुंडासारखा पिवळा होता आणि दोन्ही हातांनी अंग खाजवत होता. सोनपेठकडचा धनगर, वय पन्नाशीच्या आसपास, उंच आणि इतका वाळका की पोटाला हात लावला तर थेट पाठीचा कणा लागेल. गळ्यात काटक्यांची एक माळ होती. गावातल्या कावीळ उतरवणाऱ्यानं घातलेली. माळ रोज थोडी वाढते आणि बेंबीपर्यंत आली की कावीळ उतरते, असा हिशोब. माळ खरोखर वाढत गेली होती आणि धोंडिबा आटत गेला होता.

बरोबर त्याची बायको गोदाबाई. ठेंगणी, काळीसावळी, कमरेला पानाची चंची. बोलायचं काम तिच्याकडे होतं.

"उतरंल म्हणला, उतरंल म्हणला," ती म्हणाली. "चुन्याच्या पान्यानं हात धुतले की पानी पिवळं व्हायचं. म्या म्हणलं, पानी पिवळं होऊन काय करू, नवरा गोरा कर."

मी धोंडिबाला आधी भरपूर पाणी प्यायला लावलं. जठर पाण्यानं भरलं की त्यातून मागचं चांगलं दिसतं, काचेतून बघावं तसं. मग त्याला टेबलावर घेतलं. गोदाबाई पडद्याकडे बघून म्हणाली, "हेच का ह्यांचं पोट? आभाळ आल्यावाणी दिसायलंय."

तिला आभाळ दिसत होतं, पण मला इतकं स्वच्छ पोट क्वचितच बघायला मिळालं होतं. सोनोग्राफीला वाळका माणूस म्हणजे पर्वणी. पित्ताची नळी फुगलेली, पित्ताशय वांग्याएवढं, आणि पट्टीच्या डोक्यात लिंबापेक्षा थोडी लहान गाठ. यकृत साफ. मी त्यांना सांगितलं, की ही साधी कावीळ नाही, आणि डॉक्टर मोईन यांच्याकडे पाठवलं.

मोईनसाहेब आमच्या गावचे सर्जन. हैदराबादला शिकलेले, पांढरीशुभ्र पँट घालणारे, आणि चहा नेहमी बशीतून पिणारे. त्यांचं माझ्या धंद्याबद्दल फार चांगलं मत नव्हतं. "मॅडम, आप सावली देखते. मी माणूस उघडतो," असं ते म्हणायचे. पण सावली बघितल्याशिवाय त्यांनी कुणाला उघडलं नाही, हेही खरं. त्यांनी धोंडिबाला सीटीसाठी हैदराबादला धाडलं. गाठ काढायचं एवढं मोठं ऑपरेशन परभणीत होण्यासारखं नव्हतं, तेही हैदराबादलाच व्हायचं होतं.

नवरा-बायको आठवड्यात परत आली. फिल्मचं मोठं पाकीट गोदाबाईनं रेल्वेच्या गर्दीत डोक्यावर धरून आणलं होतं, म्हणून ते बिनघडीचं होतं. नाहीतर लोक काय काय करायचे. एका घरी मी मागच्या वर्षीची फिल्म मागितली, तर ती गोठ्याच्या खिडकीला काचेच्या जागी बसवलेली निघाली. पाऊस आत येत नाही म्हणाले.

पाकिटातल्या रिपोर्टात लिहिलं होतं, की गाठ आणि रक्तवाहिन्या यांच्यामधली चरबी दिसत नाही, गाठ चिकटलेली आहे, काढण्याजोगी नाही. तिथल्या डॉक्टरांनी त्यांना एवढंच सांगितलं होतं: परभणीलाच पित्ताची वाट मोकळी करून घ्या.

मोईनसाहेबांनी तशी तयारी केली. गाठ आहे तिथंच ठेवायची, आणि पाट वळवावा तसं पित्त दुसऱ्या वाटेनं आतड्यात सोडायचं. खाज थांबते, पिवळेपणा जातो, माणूस काही महिने बरा राहतो. ऑपरेशनच्या आधी त्यांनी फिल्म माझ्याकडे पाठवल्या, केवळ रिवाज म्हणून.

मी फिल्म दिव्याच्या पेटीवर लावल्या. काळी रेघ खरंच कुठं दिसत नव्हती. पण मी जरा बाजूला बघितलं. मूत्रपिंडाभोवती चरबी नाही. कातडीखाली नाही. आतड्यांच्या मध्ये नाही. जिथं गाठ पोचणं शक्यच नव्हतं तिथंही काळं काही नव्हतं. सगळं पोट एका करड्या रंगाचं, चिखल थापल्यासारखं. या माणसाच्या पोटातली चरबी गाठीनं खाल्ली नव्हती. ती त्याच्याजवळ कधी नव्हतीच. मेंढरांमागे जन्मभर चालणाऱ्याच्या पोटात ती येणार कुठून?

रिपोर्ट लिहिणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. त्यानं माणूस बघितला नव्हता, फिल्म बघितल्या होत्या. माझ्यासमोर नुसत्या फिल्म असत्या तर मीही तेच लिहिलं असतं.

मी मोईनसाहेबांकडे गेले.

"साक्षीदार हजर नाही म्हणून खून झाला असं धरलंय," मी म्हणाले. "याच्याकडे साक्षीदारच नाही."

"मॅडम, हैदराबादची एवढी मोठी मशीन झूठ, और आपला डबा खरा?"

"मोठ्या मशीनला चरबी लागते. डब्याला नको असते."

ते हसले नाहीत. चहाची बशी खाली ठेवली आणि शांतपणे बोलले. "मैंने ऐसे पोट उघडले आहेत. उघडायचं, बघायचं, बंद करायचं. माणूस शुद्धीवर येतो और पहिल्यांदा हेच विचारतो, की निकला क्या. तुम्हाला त्याला उत्तर द्यावं लागत नाही. मला लागतं. और ये आदमी तो हाडकं है. मोठं ऑपरेशन याला झेपेल का?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी वाद घातला नाही. फक्त म्हणाले, "संध्याकाळी माझ्याकडे या. धोंडिबालाही बोलावते. एकदा बघा, मग तुम्ही म्हणाल ते."

ते आले. पांढरी पँट सांभाळत माझ्या स्टुलावर बसले. मी धोंडिबाला पुन्हा पाणी पाजून झोपवलं आणि प्रोब, म्हणजे मशीनचा हातात धरायचा ठोकळा, पोटावर ठेवला. धमनीची गोल कड पडद्यावर चकाकत होती, सगळीकडून पूर्ण, बांगडीसारखी. मग मी धोंडिबाला म्हणाले, "मोठा श्वास घ्या. सोडा. परत घ्या."

त्याच्या श्वासाबरोबर गाठ शिरेवरून वर-खाली सरकत होती. शीर जागेवर, गाठ आपली वेगळी चाललेली. चिकटलेली असती तर दोघी बरोबर हलल्या असत्या. फिल्ममध्ये हे दिसत नाही, कारण फिल्म श्वास घेत नाही.

मोईनसाहेबांनी त्याला बराच वेळ श्वास घ्यायला लावला. इतका, की धोंडिबा म्हणाला, "सायेब, दम लागायलाय."

"हिलता है," मोईनसाहेब म्हणाले. मला नाही, स्वतःलाच. मग ते बाहेर गेले आणि माझ्या फोनवरून हैदराबादला त्यांच्या जुन्या सरांना कॉल लावला. कॉल लागेपर्यंत त्यांनी गौतमला दोनदा चहा आणायला पाठवलं. सरांचं उत्तर थोडक्यात आलं. घेऊन या, उघडून बघू. सुटी असेल तर काढू, नसेल तर पाट वळवून बंद करू.

आता प्रश्न धोंडिबाला विचारायचा होता. सांगायचं काम माझ्यावर आलं, कारण सुरुवात मी केली होती.

मी दोघांना बाकावर बसवलं. छोटं ऑपरेशन काय, मोठं काय, सांगितलं. मोठ्यात पट्टीचं डोकं, आतड्याचा तुकडा, पित्ताशय काढतात आणि उरलेलं तीन ठिकाणी जोडतात. जोड गळू शकतात. माणूस टेबलावरून उठत नाही असंही होतं.

"बारक्या ऑपरेशननं किती दिस निघतील?" धोंडिबानं विचारलं.

"पुढची दिवाळी दिसेल असं मला वाटत नाही."

"आन मोठ्यानं?"

"झेपलं तर काही वर्षं. नाही झेपलं तर तिथंच."

गोदाबाई माझ्याकडे रोखून बघत होती. "तुमाला खातरी हाय का, की निघतंय?"

"नाही."

"मंग कशाच्या जोरावर सांगायलाव?"

"जेवढं दिसलं तेवढ्याच्या. आत गेल्यावर आणखी काही दिसू शकतं."

तिनं चंची उघडली, पुन्हा बांधली. धोंडिबा खाजवायचा थांबून विचार करत होता. मग तो म्हणाला, "हितं ऱ्हावून मेलो तर ही रोज माझ्याकडं बघत ऱ्हाईल. तिकडं मेलो तर एकदाच बघंल. चला हैद्राबादला."

"मला काय दुसरी कामं न्हाईत व्हय, रोज तुमचं त्वांड बघायला," गोदाबाई म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसत उठली.

गाठ निघाली. धमनीला लागलेली नव्हती, शिरेपासून बोटानं सुटी झाली. मोईनसाहेबांनी फोनवरची बातमी सांगायला गौतमला न धाडता स्वतः जिना चढून येऊन सांगितली, आणि माझ्याकडे चहा घेतला. बशीतूनच.

पण गोष्ट तिथं संपली नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी पट्टीचा जोड गळायला लागला. ताप, पोटात नळ्या, पू. धोंडिबा हैदराबादेत किती तरी दिवस पडून राहिला. गोदाबाईनं दवाखान्याच्या मागे तीन दगडांची चूल मांडली, भाकरी थापली, आणि तेलुगु बोलणाऱ्या आयांशी मराठीत भांडून त्याच्या चादरी बदलून घेतल्या. मी इकडे मशीनसमोर बसून दुसऱ्यांची पोटं बघत होते आणि मोईनसाहेबांचा शब्द आठवत होते: तुम्हाला उत्तर द्यावं लागत नाही. फोन वाजला की गौतम माझ्या तोंडाकडे बघायचा.

धोंडिबा परत आला तेव्हा तो आणखी वाळला होता. त्याहून वाळता येतं हे मला माहीत नव्हतं. पण रंग माणसाचा होता. जूनमध्ये तो मेंढरांमागे होता.

त्यानंतर माझी फारच अब्रू वाढली, आणि ती चुकीच्या कारणानं वाढली. 'बाई निघतं म्हणल्या की निघतं' असं गंगाखेड-सोनपेठच्या एसटीत लोक बोलायला लागले. जणू मी बोलल्यामुळे निघतं. लोक दातासाठी यायचे, मूळव्याधीसाठी यायचे. "निघतंय का बघा, बाई." खुद्द धोंडिबा एकदा गाभण मेंढी खांद्यावर घालून जिना चढून आला. जुळं आहे का बघायचं होतं. गौतमनं त्याला दारातच अडवलं. मेंढी एसीच्या गार वाऱ्याकडे मान वळवून बघत होती. बाकावरच्या एका माणसानं विचारलं, "हिचा नंबर माझ्या आधी हाय का?"

पुढच्या उन्हाळ्यात धोंडिबा आणखी एकाला घेऊन आला. बाबाराव पाटील, पिंगळीकडचे मोठे जमीनदार. उन्हाळ्यात धोंडिबाची मेंढरं त्यांच्या रानात बसायची. मेंढरं रात्री शेतात बसवली की लेंड्या-मुताचं खत होतं, आणि मालक धनगराला त्याबद्दल ज्वारी देतो. बाबारावांचे डोळे पिवळे झालेले धोंडिबानं बघितले आणि स्वतःच्या कपाळाला हात लावला. काटक्यांच्या माळेपर्यंत त्यानं त्यांना जाऊच दिलं नाही.

बाबाराव म्हणजे धोंडिबाच्या दुप्पट. बसले की बाक कुरकुरायचा. सोनोग्राफीत मला त्यांच्या पोटात काहीही दिसलं नाही, नुसता वायू आणि धुकं. "बाई, एवढं दाबायलाव, कणीक मळायलाव का?" ते म्हणाले. मी त्यांना हैदराबादला धाडलं.

त्यांच्या फिल्म आल्या आणि मी पेटीवर लावून बघतच राहिले. असा सीटी पुस्तकात छापतात. चरबीच चरबी. पांढरी धमनी काळ्या मखमलीत ठेवल्यासारखी, गाठ तिच्यापासून चांगली दूर. यकृत स्वच्छ. हैदराबादचा रिपोर्ट म्हणत होता निघेल, मोईनसाहेब म्हणाले निघेल, मीही म्हणाले निघेल. या वेळी भांडायला कुणी नव्हतं.

हैदराबादच्या त्याच सरांनी पोट उघडलं. यकृताच्या वरच्या पापुद्र्यावर तांदळाच्या कण्यांएवढे पांढरे ठिपके होते, ठिकठिकाणी. कॅन्सरचं बी. एवढं बारीक तेव्हाच्या कुठल्याच मशीनला दिसत नव्हतं. आताच्याही मशीनला पुष्कळदा दिसत नाही. त्यांनी पाट वळवला आणि पोट बंद केलं.

बाबाराव टाके निघाल्यावर सरळ माझ्याकडे आले. धोंडिबा बरोबर होता, त्यांचा हात धरून. मला वाटलं, आता पाटील माझा उद्धार करणार. मी तयारीही केली होती, मशीनला काय दिसतं, काय दिसत नाही, सगळं पाठ करून. त्यांनी मला बोलू दिलं नाही.

"माझा फोटो लावा," ते म्हणाले. "आन ह्याचाबी लावा."

धोंडिबाच्या काही फिल्म मी ठेवून घेतल्या होत्या. दोघांच्या शेजारी शेजारी लावल्या. बाबाराव काठीवर रेलून बघत राहिले. कुठली धमनी, कुठली गाठ, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजी फोटो माझा चांगला, आन नशीब ह्याचं."

"तसंच म्हणावं लागेल."

धोंडिबा जमिनीकडे बघत होता. "मालक, म्या तुमाला हितं आनलं न्हाई पायजे होतं."

"का रे? तू न्हाई आनलं असतंस तर त्या माळवाल्यानं मला माळ घातली असती. एवढ्या गळ्याला जंगल तोडावं लागलं असतं."

ते हसले आणि टाक्यांमुळे पोट धरून खाली बसले. मग मला विचारलं, की किती दिवस. मी सांगितलं. सांगताना त्यांच्याकडे बघितलं, फिल्मकडे नाही. मोईनसाहेबांचं काम त्या दिवशी माझ्या वाट्याला आलं, आणि ते मशीनपेक्षा किती जड असतं ते कळलं.

बाबारावांनी बराच वेळ काठी जमिनीवर टेकवली, उचलली. मग धोंडिबाला म्हणाले, "तुझी मेंढरं सध्या कुठं हायती?"

"गोदावरीकाठाला."

"वळीव यायच्या आत घेऊन ये. औंदा वरच्या रानात बसव. ते रान लय दिस झाले उपाशी हाय."

"मालक, त्याचं खत पुढच्या पिकाला लागतंय," धोंडिबा हळूच म्हणाला.

"मला माहीत हाय कधी लागतंय ते. शेती मी करतो का तू?"

मेंढरं बसली. बाबाराव पोळ्याच्या आधी गेले. गोदाबाई रोज त्यांना शेळीचं दूध नेऊन द्यायची, ते त्यांना शेवटपर्यंत पचलं. त्या वर्षी वरच्या रानातली ज्वारी कशी आली ते मला धोंडिबानं येऊन सांगितलं. सांगताना तो हातानं उंची दाखवत होता, आणि हात डोक्याच्या वर गेला.

मी शिकले त्या विद्यापीठाच्या नावाचा वाद आमच्या सगळ्या कारकिर्दीभर भिंतींवर रंगलेला होता. त्यापायी गावांत काय काय झालं, ते गौतमनं मला कधी कधी सांगितलं, एरवी तो गप्प असायचा. नामविस्तार झाला त्या थंडीत तो सगळ्या बाकाला पेढे वाटत आला. मला दोन दिले आणि भिंतीवरच्या माझ्या डिग्रीकडे बोट दाखवून म्हणाला, "बाई, आता तुमच्या डिग्रीला वजन आलं." मी म्हणाले, आलंच.

त्याच दिवसांत धोंडिबा आला. पाठ दुखते म्हणाला. पिवळा नव्हता, पण जेवण तुटलं होतं. गोदाबाई दाराशी उभी राहिली. मी पाणी न पाजताच प्रोब ठेवला. पट्टीपर्यंत जायची गरजच पडली नाही. यकृतात गोल गोल डाग होते, पुष्कळ.

मी नको तितका वेळ प्रोब फिरवत राहिले. सांगायला तोंड उघडायला थोडा वेळ हवा होता.

"ऱ्हाऊ द्या बाई," धोंडिबा म्हणाला. "घासून जानार हाय का ते?"

"नाही."

"पुन्ना काडता येनार न्हाई?" गोदाबाईनं दारातून विचारलं.

"नाही. सगळीकडे आहे."

तिनं मान हलवली. धोंडिबानं पोटावरची जेली आपल्या धोतराच्या सोग्यानं पुसली आणि उठून बसला. गौतमनं त्याला सदरा दिला. मग गोदाबाई माझ्याजवळ आली आणि आवाज खाली करून म्हणाली, "एक इचारू का? आता बिडी दिली तर चालंल?"

ऑपरेशन झाल्यापासून तिनं त्याची बिडी बंद केली होती. तो मेंढरांमागे जाऊन चोरून ओढायचा आणि वर कच्चा कांदा खायचा. तिला हे ठाऊक होतं. तिला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

"चालेल," मी म्हणाले.

ती खाली टपरीवर गेली आणि बिडीचा कट्टा घेऊन आली. माझ्या जिन्याच्या खालच्या पायरीवर दोघं बसली. मी पुढच्या पेशंटला आत घ्यायचं सोडून वरून बघत होते. तिनं एक बिडी काढली, स्वतःच्या ओठांत धरली, दोन काड्या वाया घालवून पेटवली, ठसकली, आणि त्याच्या हातात दिली.

त्यानं एक झुरका घेतला आणि बिडीकडे निरखून बघितलं. "एका कडंनंच पेटवलीस की."

"मंग दुसरी तुमी पेटवा," गोदाबाई म्हणाली, आणि कट्टा त्याच्या मांडीवर ठेवला.